होल्स्टर शिवणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काकांस,
सादर नमस्कार.

जुन्या रिव्हॉल्व्हरच्या होल्स्टरची, म्हणजे ते ठेवण्याच्या कातडी म्यानाची, कुजलेली शिवण उसवून, त्याच जुन्या भोकांतून ती पुन्हा भरण्याचे काम आपण हाती घेतलेत आणि सावकाश, मनासारखे पूर्ण करून दिलेत, त्याबद्दल हे आभारपत्र आहे. कामाचा मोबदला आपण घेतलात, त्यामुळे व्यवहार तिथेच संपला असे कोणी म्हणू शकेल; परंतु काम चालू असताना मला शेजारी बसवून आपण प्रत्येक थराविषयी जे समजावून सांगितलेत, त्याचे ऋण मोबदल्याने फिटलेले नाही. पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे, की हाताने घडवलेल्या होल्स्टरचे आकर्षण बहुतेकांना त्याच्या रूपामुळे वाटते, आणि त्या रूपातील जवळजवळ काहीही केवळ शोभेसाठी नसते, ही गोष्ट आपल्याइतक्या स्पष्टपणे कोणी दाखवून दिल्याचे मला आठवत नाही.

शिवण उसवल्यावर दोन कातड्यांच्या मधून एक तिसरी, बोटापेक्षा अरुंद अशी जाड पट्टी निघाली. बाहेरून ती ओळखू येत नव्हती, कारण तिन्ही थरांची कड एकत्र तासून, ओली करून, लाकडाने घोटून इतकी एकजीव केलेली होती की तो एकाच कातड्याचा काठ भासत होता. पट्टीच्या आतल्या अंगाला चापाभोवतीच्या कडीने एक गुळगुळीत खळगा पाडलेला होता. ती पट्टी नसती तर धातू इतकी वर्षे थेट दोऱ्यावर घासला असता आणि होल्स्टर केव्हाच उकलले असते, हे आपण सांगण्यापूर्वीच मला दिसले. तरीही आपण ती पट्टी माझ्या हातात देऊन अंगठा फिरवायला लावलात. समोरच्या बाजूला, म्हणजे जिथे कातडे घडी घालून वळवलेले असते तिथे, नळीच्या टोकावरची नेम धरण्याची पाती अडकू नये म्हणून आतून एक उभी नाळ मोकळी राखलेली असते, हेही मला त्याच वेळी कळले.

टाक्यांविषयी मी थोडे सविस्तर लिहितो. एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून त्या समोरासमोरून काढायच्या, ही खोगीर शिवणाऱ्या कारागिरांची रीत आहे आणि होल्स्टर शिवणाऱ्यांनी ती तशीच उचलली. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा कातड्याच्या पोटात एकमेकांना अडकवलेला असतो, त्यामुळे एक तुटला की आजूबाजूचे टाके सैल पडू लागतात. हाताच्या टाक्यात दोन्ही पदर प्रत्येक भोकातून आरपार गेलेले असल्याने एक पदर झिजून गेला तरी दुसरा धरून राहतो. जुना दोरा जागोजागी कुजूनही ते होल्स्टर उघडले का नव्हते, याचे उत्तर मला तिथे मिळाले. इंचाला सहा ते आठ टाके पुरेत, हा आपला आग्रहही तेव्हाच पटला; त्याहून दाट भोके पाडली तर टपाल तिकिटांच्या कडेप्रमाणे कातडे नेमके त्याच रेषेत फाटायला तयार होते. शिवणीखाली आधी चर कोरून दोरा त्यात बसवला, की तो पृष्ठभागाच्या वर येत नाही आणि कपड्याला घासत नाही. प्रदर्शनात मांडलेल्या होल्स्टरांवर नुसते डोळ्यांना सुखावणारे बारीक टाके पाहिले की आता मला थोडी शंकाच येते.

कातड्याच्या निवडीत आपण कुठेही तडजोड केली नाहीत. पाठीकडचे, झाडांच्या सालींतील व लाकडातील टॅनिनने कमावलेले, तीन ते चार मिलिमीटर जाडीचे कातडेच या कामाला लागते. पोटाकडचे कातडे ताणले जाते आणि काही महिन्यांत आकार सोडते. टॅनिनने कमावण्यास कित्येक आठवडे, जुन्या पद्धतीच्या कुंडांत तर कित्येक महिने जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यवहारात रूढ झालेल्या क्रोमच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याच्या, पद्धतीने हेच काम फार झपाट्याने उरकते, आणि बुटांच्या वरच्या भागासाठी किंवा हातमोज्यांसाठी ते मऊ कातडे उत्तमच असते, पण ओले करून दिलेला आकार ते धरून ठेवत नाही. होल्स्टरचे सारे काम तर त्या आकारावरच चालते.

तो आकार देण्याचा दिवस मला विशेष आठवतो. दुरुस्तीच्या कामात त्याची गरज नव्हती. केवळ मला दाखवण्यासाठी आपण दुसरे, नवे होल्स्टर पाण्यात बुडवलेत. बुडबुडे थांबल्यावर ते बाहेर काढून, त्याचा मूळ फिकट रंग जवळजवळ परत येईपर्यंत, परंतु मनगटाला लावल्यावर अजून गार लागेल इतपतच, आपण ते सुकू दिलेत. मग रिव्हॉल्व्हरच्या आकाराचा भरीव साचा आत सारून, प्रथम अंगठ्यांनी आणि नंतर हाडाच्या गुळगुळीत पट्टीने, काडतुसे बसण्याच्या फिरत्या भागाच्या, म्हणजे सिलिंडरच्या, पुढच्या कडेपाशी आणि चापाच्या कडीभोवती कातडे दाबत गेलात. रिव्हॉल्व्हरची घडणच अशी, की नळी बारीक, मध्ये सिलिंडरचा चार सेंटिमीटरांहून किंचित अधिक व्यासाचा फुगवटा, आणि पुढे पुन्हा वळणदार मूठ; त्यात कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या 1873 च्या नमुन्यासारखे शस्त्र असेल तर रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या दांड्याची नळकांडी एकाच बाजूला असते, म्हणून होल्स्टरच्या दोन बाजूही सारख्या नसतात. कातडे वाळून कडक झाले की हा फुगवटाच शस्त्राला जागेवर धरतो. सपाट बाजूंच्या पिस्तुलाच्या होल्स्टरला हे रूप येत नाही, आणि पारंपरिक होल्स्टर म्हटले की रिव्हॉल्व्हरच डोळ्यांसमोर येते याचे अर्धे कारण तरी या फुगवट्यात आहे, असे माझे मत झाले आहे.

इतिहासाबाबत आपण माझे काही समज फार हळुवारपणे दूर केलेत. 1847 चे वॉकर कोल्ट सुमारे दोन किलो वजनाचे असल्यामुळे ते कमरेला लावण्याऐवजी खोगिराच्या पुढच्या बाजूस लटकवीत. 1851 चे नेव्ही कोल्ट त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त वजनाचे निघाले, तेव्हा कमरेच्या होल्स्टरला खरी चालना मिळाली. कॅलिफोर्नियातील खोगीर बनवणाऱ्यांनी शस्त्राच्या रेषेबरहुकूम निमुळते होल्स्टर काढले. पुढे 1870 नंतर मेक्सिकन पद्धतीचे होल्स्टर पसरले, ज्यात मागचा रुंद पदर खाली दुमडून, त्यालाच काप देऊन, पुढचा खिसा त्या कापांतून ओवलेला असतो; एकाच कातड्यातून होल्स्टर, पट्ट्यासाठीची जागा आणि मांडीकडचा आधार अशी तिन्ही कामे साधणारी ही रचना मला आजही सर्वांत देखणी वाटते. मांडीवर खाली लोंबणारे, दोरीने पायाला बांधलेले जे होल्स्टर पडद्यावर दिसते, ते बहुतांशी विसाव्या शतकाची निर्मिती. 1950 च्या दशकात आर्वो ओहाला यांनी चित्रपटांतील नटांसाठी कातड्याच्या दोन थरांमध्ये धातूचा पत्रा घातला, तो शस्त्र होल्स्टरमध्ये असतानाच सिलिंडर मोकळे फिरावे म्हणून. म्हणजे तिथेही रूपाआड एक काम लपलेले होतेच.

आणखी एका गोष्टीसाठी आपले आभार मानणे मला आवश्यक वाटते. परंपरेचे कौतुक करताना आपण तिच्या उणिवा झाकल्या नाहीत. अमेरिकेतील एल पासो येथील एस. डी. मायर्स यांनी कायद्याचे रक्षक टॉम थ्रीपर्सन्स यांच्यासाठी घडवलेल्या आटोपशीर होल्स्टरची नक्कल आजही केली जाते, आणि त्याची रेषा सुंदर आहेच. परंतु त्यात चाप उघडा राहतो, म्हणून तसा नमुना मागणाऱ्याला आपण चाप पूर्ण झाकणाराच आराखडा काढून देता. तोंडाशी मऊ पडलेले जुने होल्स्टर शस्त्र आत सरकवताना दुमडून चापाच्या कडीत शिरू शकते, म्हणून ते कितीही प्रिय असले तरी वापरातून काढावे, हे आपण निक्षून सांगितलेत. रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावरून, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या भागावरून, घालायचा कातडी फास शस्त्र पडू देत नाही, पण जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा काडतुसावर टेकलेला असण्याचा धोका तो टाळत नाही. त्यासाठी घोड्याखालचे सिलिंडरमधले घर रिकामे ठेवण्याची जुनी शिस्तच पाळावी लागते. पावसापाण्यात प्लास्टिकचे होल्स्टर अधिक सोयीचे, हेही आपण आढेवेढे न घेता मान्य केलेत. आपल्या मालाची एवढी खरी बाजू सांगणारे कारागीर मला फारसे भेटलेले नाहीत.

आपण सांगितल्याप्रमाणे दुरुस्त झालेले होल्स्टर आता रिकामेच ठेवले आहे. कातडे हवेतील ओल धरते आणि त्यात आम्ल असते, त्यामुळे शस्त्र महिनोन्‌महिने आत राहिले तर पोलाद गंजते आणि पट्ट्याच्या कप्प्यांतील पितळी काडतुसांवर हिरवा कळंक चढतो. आमच्या जुन्या पट्ट्याच्या कप्प्यांत तसे हिरवे डाग आहेत आणि ते निघणार नाहीत, हेही मी आता स्वीकारले आहे. तेलाचा हात आपण म्हणालात तसा अगदी हलका ठेवतो, कारण अति तेलाने कातडे मऊ पडून आकार सोडते.

या होल्स्टरच्या जोडीला नवा पट्टा मी स्वतः शिवण्याचे ठरवले आहे. त्याला काळा रंग देताना व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस विरघळवून आपण जी कृती करून दाखवलीत, तीच वापरणार आहे: फिकट, जवळजवळ पाण्यासारखे ते द्रावण कातड्याला लागताच आतल्या टॅनिनशी मिळून पाहता पाहता करडे आणि मग गर्द काळे होते, आणि तो रंग वर थापलेला नसल्यामुळे कपड्याला फारसा उतरत नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारण्याचे आपले बजावणे लक्षात आहे. पट्ट्याच्याच कातड्याचा एक तुकडा रंगवून प्रथम आपल्याला आणून दाखवीन, आणि आपण होकार दिलात तरच पुढे आरी हातात घेईन.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
दुरुस्तीला होल्स्टर घेऊन आलेला आणि शेजारी बसून राहिलेला एक विद्यार्थी