पाटीला हात लावण्याआधी माझी नखे कापणाऱ्या काकूंस

आदरणीय काकूंस,
सप्रेम नमस्कार.

मीठा बहाराची, म्हणजे उन्हाळ्यात येणाऱ्या अंजिरांची, तोडणी काल संपली. शेवटची पाटी गाडीत चढवून शेडमध्येच हे पत्र लिहायला बसले आहे, कारण समोर बोलायला गेले तर मला रडू कोसळेल आणि आपण "पुरे गं, चहा टाक" म्हणून विषय बदलाल.

बाबांच्या मागे पुरंदरातली ही अंजिराची बाग माझ्याकडे आली, तेव्हा झाड कसे जपायचे हे थोडेफार ठाऊक होते. तोडलेले फळ कसे जपायचे, हे मात्र कुणी शिकवले नव्हते. गेल्या वर्षी ज्यांना पैसे मोजून सल्ला घेतला, त्यांनी फळे धुऊन चकचकीत करून खोक्यांत भरायला सांगितले. मी तसेच केले. दुसऱ्या दिवशी खोकी उघडली तर आंबूस वास, खालच्या थरातून पाझरलेला चिकट रस आणि त्यावर घोंघावणारी चिलटे. सल्लागारांनी त्यानंतर फोन उचलला नाही, आणि अडत्यांनी चारचौघांत माझ्या शिक्षणाचा उद्धार केला. ज्या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते बांधाकडेच्या खड्ड्यात ओतताना बाबांची आठवण काढायचीही मला लाज वाटत होती.

यंदा पहिल्या तोडणीच्या दिवशी, मी बोलावलेले नसताना, आपण पहाटे पाच वाजता बागेत आलात. झाडांकडे पाहिले नाहीत की गेल्या वर्षी काय चुकले ते विचारले नाहीत. माझा हात हातात घेतलात, बॅटरीच्या उजेडात बोटे न्याहाळलीत, आणि कनवटीचे नेलकटर काढून माझी दहाही नखे एकेक करून कापलीत. मग अंगठ्याने प्रत्येक कड चाचपून पाहिलीत. "पिकल्या अंजिराला नख लागलं की तिथूनच ते नासायला लागतं, बाळा," एवढेच म्हणालात. आईनंतर माझी नखे कुणी कापली नव्हती.

त्यानंतरचे सगळे आपण स्वतःच्या हाताने करून दाखवलेत. अंजीर झाडावरच पिकावे लागते, कच्चे तोडले तर पुढे गोडी भरत नाही, म्हणून ते हाती येते तेच मऊ होऊन. देठ धरून हलकेच वळवायचे, देठ फळालाच राहू द्यायचा, गळणारा चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही. फळाच्या बुडाचा डोळा, म्हणजे तिथले बारीक छिद्र, आपण मला बोटाने दाखवलात तेव्हा गेल्या वर्षीचे कोडे उलगडले: धुताना पाणी त्या वाटेनेच आत शिरले होते आणि फळ आतून आंबले होते. माती असली तर कोरड्या मऊ फडक्याने टिपायची, पाणी फक्त खायच्या वेळी. पाटीत अंजिराचीच पाने अंथरायची, थर एक, फार तर दोन, आणि ऊन चढायच्या आत सारे सावलीत. फुटलेले फळ चांगल्यात मिसळू नये, यावर आपण फार कडक होता. तशी फळे आपण वेगळ्या पातेल्यात काढलीत आणि दुपारपर्यंत चुलीवर त्यांचा जॅम शिजत होता.

जाणकार माणसे मला पुष्कळ भेटली, पण चुकलेल्या माणसाला लाजवल्याविना शिकवणारी फार थोडी. आपल्या स्वतःच्या बागेत त्या दिवशी तोडणी खोळंबली होती, हे मला आठवड्याने दुसऱ्यांकडून कळले. आपण त्याचा उच्चारही केला नाहीत.

यंदा बाजारातून एकही पाटी परत आली नाही. तोडणीला आलेल्या दोन मुलींची नखे मी रोज पहाटे पाहत असे, आणि वाढलेली असली तर स्वतः कापत असे. आपले नेलकटर अजून माझ्याकडेच आहे. रविवारी ते परत द्यायला येते, आणि सोबत आपल्या ओसरीसाठी उशिरा पिकलेल्या झाडाची एक पाटी आणते. ती नाकारू नये, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
खालच्या बागेतली लेक