अवघड जागेचं दुखणं आणि औषध खिडकी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ऐकून लोक हसतात. मला ते दुखणं आहे, त्यामुळे आडपडदा न ठेवता लिहिते.

योनीपासून गुदद्वारापर्यंतच्या भागात माझी नस दुखते. खुर्चीवर बसलं की आग होते, उभं राहिलं की उतरते. कमोडवर बसलं तर मात्र बरं वाटतं, कारण तिथे त्या जागेवर दाब येत नाही. याला प्युडेंडल न्यूराल्जिया म्हणतात. बाळंतपणात ही नस ताणली जाऊ शकते. तासन्‌तास सायकल चालवणाऱ्या पुरुषांनाही हा त्रास होतो. सोनोग्राफीत काही दिसत नाही, म्हणून आधी मूळव्याधीचं मलम मिळतं आणि मग कुणीतरी ‘पिशवी काढून टाका’ असं सुचवतं. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली गेल्याबद्दल २०१९ मध्ये शासनाला समिती नेमावी लागली होती. त्यांची कारणं वेगळी असतील, पण कंबरेखालचं बाईचं दुखणं म्हणजे पिशवीच, हा समज तोच आहे.

निदान झालं की अमिट्रिप्टिलिन, प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन यांपैकी काहीतरी केसपेपरवर येतं. या गोळ्यांविरुद्ध माझी तक्रार नाही. काहींना त्यांनी खरंच आराम पडतो. तक्रार आहे ती त्या हातात ठेवताना पाळल्या जाणाऱ्या मौनाबद्दल. अमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड पडते, सकाळी डोकं जड राहतं, लघवी अडकू शकते आणि बद्धकोष्ठ होतं. आता ज्या बाईची नसच त्या जागी दुखते, तिला कुंथावं लागलं तर काय होतं, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? औषधानेच दुखणं वाढतं आणि ‘गुण येत नाही’ म्हणून डोस वाढवला जातो. सोबत इसबगोल सुरू करा, एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही.

प्रीगाबालिनने चक्कर येते, पाय सुजतात, वजन वाढतं, डोळ्यांपुढे धूसर दिसतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. आणि ती गोळी एकदम बंद करायची नसते, हळूहळू उतरवायची असते. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर एकदा ‘साठा संपला, पुढच्या आठवड्यात या’ असं उत्तर मिळालं. त्या आठवड्यात मला झोप नव्हती, दरदरून घाम येत होता, मळमळत होतं, जीव घाबराघुबरा होत होता. खिडकीमागच्या माणसाचा यात दोष नाही, त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. पण औषधांची खरेदी आपल्या खात्याची आहे. या गोळ्यांचा साठा संपणं ही खोकल्याच्या बाटलीसारखी गैरसोय नसते, एवढं खरेदीच्या फाइलवर नोंदलं जावं.

मुळात या गोळ्यांवर किती विसंबायचं, हाही प्रश्न आहे. ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याचं कारण सापडत नाही अशा ३०६ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये गॅबापेंटिनची चाचणी झाली. २०२० मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त आराम पडला नाही, चक्कर आणि गुंगी मात्र जास्त आली. माझं दुखणं नसेचं आहे, म्हणून तो निष्कर्ष मला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण ओटीपोट दुखतं म्हटल्याबरोबर ही गोळी लिहिणाऱ्यांनी तो वाचायला हवा.

मग दुसरं काय आहे? एक, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. इथेही गंमत अशी की बायकांना सरसकट केगेलचे, म्हणजे हे स्नायू आवळून धरण्याचे, व्यायाम सांगतात. ज्यांचे स्नायू आधीच आवळलेले आहेत त्यांना ते सैल सोडायला शिकायचं असतं, केगेलने त्यांचं दुखणं वाढू शकतं. हे शिकवणारी एक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, शक्यतो बाई, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवी.

दुसरं, नसेजवळ भुलीचं इंजेक्शन. फ्रान्समधल्या नान्तच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये या आजाराच्या निदानाचे पाच निकष मांडले. या इंजेक्शनाने दुखणं थांबणं हा त्यांतला एक. आराम बहुधा तात्पुरता असतो, पण निदान पक्कं व्हायला मदत होते. आणि यासाठी परदेशी यंत्रं लागत नाहीत. चिमटा लावून प्रसूती करताना हीच नस बधिर करण्याची पद्धत प्रसूती विभागांना कित्येक पिढ्या ठाऊक आहे! बाळंतपणात जी नस सापडते, ती दुखण्यावर इलाज करताना का सापडू नये? स्त्रीरोग आणि भूल विभागांनी मिळून आठवड्यातून एक ओपीडी चालवली तरी सुरुवात होईल. नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया हा अगदी शेवटचा उपाय, आणि ती सगळ्यांना लागू पडत नाही. त्यासाठी मी आज काही मागत नाही.

मागते ते एवढंच, की या दोन सोयी कराव्यात आणि नसेच्या दुखण्याची गोळी देताना सोबत मराठीत एक पान द्यावं: काय त्रास होऊ शकतो, कशाला घाबरायचं नाही, कधी लगेच यायचं, अचानक का थांबवायची नाही. मन फार खचू लागलं, नको ते विचार येऊ लागले तर ताबडतोब सांगा, हेही त्यात ठळक हवं. औषधाचा दुष्परिणाम रुग्णाला स्वतः कळवता यावा म्हणून केंद्राचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे. आमच्या रुग्णालयात तो कुठेही लिहिलेला मला दिसला नाही. तो औषध खिडकीच्या काचेवर चिकटवायला तर अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.

आपली,
नाशिकची एक रुग्ण
(हे पत्र उभ्याने लिहिलं आहे.)