सरासरीत न दिसणारा हिवाळा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तीन महिन्यांची सरासरी साखर छान आली, आता काळजी सोड." मग आईने हळूच सांगितलं की पहाटे तुम्हाला घाम फुटतो, हात थरथरतात. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, कारण इथे जुन्या हवामानाच्या माझ्या अभ्यासात मी रोज हेच बघतेय: सरासरीच्या एका आकड्याआड टोकाचे चढउतार लपून जातात.

सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, हिमयुग सरत आलेलं असताना, उत्तर अटलांटिकभोवती थंडी एकाएकी परतली आणि बाराशे वर्षं मुक्कामाला राहिली. या काळाला 'यंगर ड्रायस' म्हणतात. आई, ड्रायस म्हणजे बर्फाळ मुलखात जमिनीलगत पसरणारं, आठ पाकळ्यांचं पांढरं रानफूल. इथे डेन्मार्कमध्ये जुन्या चिकणमातीच्या थरांत त्याची पानं सापडली, म्हणून हे नाव.

ग्रीनलंडच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून कळतं की तेव्हा तिथली वर्षाची सरासरी आजच्यापेक्षा सुमारे १५ अंशांनी खाली होती. पण पूर्व ग्रीनलंडमध्ये, स्कोर्सबी सुंडच्या परिसरात, त्या काळच्या हिमनद्यांनी रचलेले दगडगोट्यांचे बांध आहेत. हिमनदी वितळते उन्हाळ्यात, त्यामुळे ती कुठवर पुढे येणार हे मुख्यतः उन्हाळाच ठरवतो. आणि या बांधांवरून उन्हाळा जेमतेम पाचेक अंशांनी थंड निघाला! मग बाकीची थंडी कुठे गेली? हिवाळ्यात. डेंटन, अ‍ॅली, कोमर आणि ब्रोकर यांनी २००५ मध्ये हा हिशेब मांडला: हिवाळे पंचवीसेक अंशांनी खाली गेले असले पाहिजेत. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी समुद्रात मिसळलं, उत्तरेकडे ऊब नेणारा प्रवाह मंदावला आणि हिवाळ्यात समुद्र दूरवर गोठू लागला. पाण्याची ऊब त्या बर्फाखाली कोंडली. वर सैबेरियासारखा गारठा.

१५ हा आकडा खोटा नव्हता, बाबा. पण त्या हिवाळ्याबद्दल त्याने काहीच सांगितलं नसतं.

म्हणून हट्ट करते. आठवडाभर पहाटे तीनला, आणि घाम फुटेल तेव्हा लगेच, बोट टोचून साखर मोजा. आई, तू आकडा वेळेसकट कॅलेंडरच्या चौकोनात लिही. सत्तरच्या खाली असेल तर आधी साखर-पाणी दे, मला फोन नंतर. उशाशी साखरेची डबी ठेवच. गोळ्या मनाने कमी-जास्त करू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि रिपोर्टबरोबर ते कॅलेंडरही दाखवा.

रविवारी फोन करते. मला पहाटेचे आकडे हवेत.

तुमची,
सोनू