ताटावरच्या कळा

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

काल तुझा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. हातात सोल्डरिंग आयर्न होतं. आता सविस्तर लिहितो, म्हणजे शिव्या तरी नीट माहिती घेऊन देशील.

गेल्या पावसाळ्यात गाडी घसरून डावी करंगळी मोडली होती ना, ती जुळली. पण पूर्वीसारखी वाकत नाही. आणि काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममध्ये दबकत चालायला कीबोर्डवरची शिफ्ट, खाली बसायला कंट्रोल. दोन्ही कामं नेमकी करंगळीच्या गळ्यात! बिचारा अंगठा मात्र स्पेसबारवर लोळत पडलेला.

म्हटलं, कीबोर्डच्या कळाच उचलून बोटांखाली आणू. तयार कीपॅड परवडेना, म्हणून १४ मेकॅनिकल स्विच आणि एक रास्पबेरी पाय पिको (कळ दाबली की कॉम्प्युटरला कळवणारा छोटा सर्किट बोर्ड) मागवलं. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून बारीक, लवचीक वायर आणली. प्रत्येक स्विचची एक वायर पिकोच्या स्वतंत्र पिनला, दुसरी सगळ्यांची मिळून ग्राउंडला, म्हणजे सामाईक पिनला. नेहमीच्या कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या ओळींत गुंफलेल्या असतात; स्वस्तातल्या कीबोर्डवर तीन कळा एकदम दाबल्या की कधीकधी न दाबलेली चौथीही लागते. इथे ती भानगडच नाही.

आता कळा हलत्या कशा ठेवायच्या? खाली लोहचुंबक चिकटवले आणि स्वयंपाकघरात गेलो. आईच्या ठेवणीतल्या जाड ताटांना चुंबक चिकटेना! निकेल जास्त असलेल्या स्टीलचं असंच असतं. शेवटी मांडणीवरचं सगळ्यात हलकं ताट कामी आलं. आई काही बोलली नाही, नुसतं बघितलं.

पहिल्या संध्याकाळी स्विचच्या पायांना टेप लावायची राहिली. पाय ताटाला टेकले, सगळे स्विच ताटातूनच जोडले गेले, झालं! माझा गडी एकाच वेळी बसतोय, उड्या मारतोय, भिंतीवर गोळ्या झाडतोय. समोरच्या टीमने बहुतेक हसूनच मारलं मला.

टेप लावल्यावर शिफ्ट-कंट्रोल अंगठ्याकडे दिले. कुठली कळ काय करणार ते पिकोतल्या फाइलमध्ये लिहायचं, बस. एका दाबात चार हालचालीही बसवता येतात, पण ते केलं नाही. तसल्या ऑटोमेशनला गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२४ मध्ये अधिकृत सर्व्हरवर बंदी घातली आहे, आणि खरं सांगू, मग खेळतंय कोण?

पण खरा घोळ पुढेच झाला. कळा हलवता येतात म्हटल्यावर मी रोज हलवत बसलो. आज अर्धा सेंटिमीटर वर, उद्या थोडी तिरकी. प्रत्येक हरलेल्या डावाचा दोष जागेला! बोटांना काही लक्षात ठेवायला सवडच मिळेना. परवा वैतागून मार्करने प्रत्येक कळेभोवती चौकट आखली. आता पंधरा दिवस हात लावायचा नाही. एक कळ तेवढी मधल्या बोटाला अजून लांब वाटते, पण असू दे.

दिवाळीत येशील तेव्हा एक ताट घेऊन ये, आईचं परत करायचंय. तुझ्यासाठीही कळा बनवायच्या असतील तर दोन आण. घेताना चुंबक लावून बघ, दुकानदार हसला तरी चालेल.

तुझा,
सुध्या