प्रॅक्टिकलचं जर्नल आणि हरवलेलं अक्षर

महोदय,

मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल जवळ आलं की डिप्लोमा कॉलेजांजवळच्या झेरॉक्सवाल्यांकडे तयार जर्नलांचे गठ्ठे दिसू लागतात. मी घाटकोपरला या विषयाच्या शिकवण्या घेतो. 'स्ट्रिंगमध्ये (म्हणजे मेमरीतल्या अक्षरांच्या माळेत) अक्षर शोधा' हा असेंब्लीचा, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञांच्या भाषेतला, प्रोग्रॅम त्या जर्नलांत हमखास असतो. मुलं तो उतरवतात, परीक्षक सही करतात, विषय संपला.

प्रोग्रॅम दहा-बारा ओळींचा, पण त्यात खोचा पुष्कळ. ८०८६ या प्रोसेसरमध्ये 'रेपनी स्कॅसबी' ही आज्ञांची तयार जोडी आहे. ती एएल या रजिस्टरमधलं (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यातलं) अक्षर मेमरीत शोधत जाते, पण सीएक्स या रजिस्टरमधला आकडा संपला किंवा अक्षर सापडलं, तरच थांबते. स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून शेवटी ठेवलेल्या शून्याशी तिला काही देणंघेणं नाही. लांबी आधी मोजली नाही, तर ती बिनदिक्कत शेजारच्या डेटात शिरते. 'लॉड्सबी' या आज्ञेने एकेक अक्षर उचलायचं म्हटलं, तर पत्ता धरून ठेवणारा एसआय आधीच एक घर पुढे सरकलेला असतो; पत्ता सांगताना एक वजा करावा लागतो. आणि तुलना आधी की शून्याची तपासणी आधी? सी भाषेतल्या 'स्ट्रसीएचआर' या अक्षर शोधणाऱ्या फंक्शनच्या नियमाने शेवटचं शून्यही शोधता आलं पाहिजे, म्हणून तुलना आधी. क्रम उलटा केला की नेमकं तेवढंच सापडत नाही.

'आता असेंब्ली वापरतं कोण?' हा प्रश्न पालकही विचारतात. रोज कोणी लिहीत नाही, हे कबूल. पण हीच मुलं उद्या मराठी मजकुराचं सॉफ्टवेअर लिहिणार. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 'क' हा एक बाइट नसून ई०, ए४, ९५ असे तीन बाइट असतात. एकाच बाइटवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला त्यातला पहिला ई० शोधायला सांगितला, तर तो 'क', 'ख', 'ग' सगळ्यांवर सारखाच थांबेल. मेमरीत बाइट मोजत बसलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. (नाव शोधताना 'सापडले नाही' म्हणणारी संकेतस्थळं पाहिली की हे प्रॅक्टिकल कोणी केलं नव्हतं, अशी मला शंका येते.)

जर्नल तपासायचं तर तपासा. पण परीक्षकांनी तोंडी परीक्षेत एक अट बदलून द्यावी: पहिलं नको, शेवटचं अक्षर शोध, किंवा 'क' शोधून दाखव. पाच मिनिटांत कळेल, जर्नल कोणाचं आहे ते.

– मायक्रोप्रोसेसरचा एक शिक्षक, घाटकोपर, मुंबई