सूचना : मुलांचे आपापसांतले सौदे

सर्व सभासद पालकांना नमस्कार.

पैसे कमी पडले की शाळकरी मुलं सौदा करतात. ‘निम्मे आत्ता घे, उरलेले पुढच्या आठवड्यात’ किंवा ‘माझा कंपास घे, रंगपेटी दे.’ असं काही कानावर आलं तर लगेच मध्ये पडून सौदा मोडू नका. आपल्याकडे किती आहेत ते खरं सांगणं, समोरच्याला काय हवंय ते ओळखणं, दिलेला शब्द पाळणं, हे मूल इथेच शिकतं. उरलेले पैसे आपण गुपचूप भरून टाकू नयेत. वहीच्या मागच्या पानावर त्याच्याच हातानं लिहून घ्या : कोणाला, किती, कधीपर्यंत.

गृहपाठ लिहून देण्याचा सौदा मात्र थांबवायलाच हवा. लहान मुलांकडून वस्तू स्वस्तात काढून घेणंही. पहिली-दुसरीतल्या कित्येकांना मोठं नाणं म्हणजे जास्त पैसे असंच वाटतं, त्यांची फसगत फार सहज होते. अशी वस्तू परत करायची असेल तर दोन्ही घरांनी आपसांत बोलून घ्या, चारचौघांत मुलाला खजील करू नका.

पैसे वारंवार कमी पडत असतील तर शांतपणे कारण विचारा. कोणी दमदाटी करून काढून घेत असेल, तर त्याच दिवशी वर्गशिक्षकांना कळवा.