‘ते कुठं औषध आहे?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची अर्धं पान जाहिरात होती. लालभडक हृदय, त्यावर सोनेरी थेंब. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्यही होतं, पण अगदी तळाला आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. नातवाकडून वाचून घेतलं तेव्हा खात्री पटली. रत्नागिरीत मी तीस वर्षं मेडिकल चालवलं, तेव्हा या विषयावर थोडं बोलायचा हक्क आहे असं समजते.

माझे थोरले भाऊजी कोल्हापूरला असतात. वय 71, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू. मार्चमध्ये त्यांना छातीत फडफड व्हायला लागली. कार्डिओग्राममध्ये नाडी अनियमित निघाली, एट्रियल फिब्रिलेशन. ताईच्या मदतीला म्हणून मी गेले आणि रविवार ते शनिवारच्या खणांची त्यांची गोळ्यांची डबी भरायला बसले. तेव्हा साखरेच्या डब्यामागं एक ढब्बू बाटली दिसली. पुतण्यानं अमेरिकेहून आणलेलं माशाचं तेल. कुठल्याशा व्हिडिओत ऐकून भाऊजी रोज चार कॅप्सूल घेत होते, सहा महिने. “डॉक्टरांना सांगितलंत का?” विचारलं तर म्हणाले, “अगं, ते कुठं औषध आहे? माशाचं तेल ते!”

इथंच सगळं घोडं पेंड खातं. घेताना आपण ते हृदयाचं औषध म्हणून घेतो आणि डॉक्टर “आणखी काय चालू आहे?” विचारतात तेव्हा ते खाण्याच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

मी बाटली फिरवून मागची बाजू वाचली. माशाच्या तेलात कामाची असतात ती ओमेगा-3 जातीची दोन आम्लं, ईपीए आणि डीएचए. आपल्याकडच्या साध्या बाटलीवर ठळक ‘1000 मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, पण ते झालं तेलाचं वजन. त्यात ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचं जेमतेम 300. भाऊजींची बाटली तिप्पट ताकदीची, एका कॅप्सूलमध्ये 900. चार घेतल्या की साडेतीन ग्रॅमच्या वर. व्हिडिओतल्या माणसानं चार म्हणताना कुठली बाटली धरली होती देव जाणे. (काही बाटल्यांवरचे आकडे एका नव्हे, दोन कॅप्सूलचे असतात. तेही बघावं लागतं.)

एवढा डोस डॉक्टर देतात, नाही असं नाही. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, 500 च्या वर गेली की शुद्ध ओमेगा-3 रोज 4 ग्रॅमपर्यंत देतात आणि ती खरोखर उतरतात. पण ते देखरेखीखाली. युरोपच्या औषध नियामकानं 2023 मध्ये ओमेगा-3 च्या औषधांच्या माहितीपत्रकात एट्रियल फिब्रिलेशन हा दुष्परिणाम नोंदवायला सांगितलं. ज्यांना हृदयविकार आहे किंवा व्हायचा धोका आहे त्यांच्यात तो दिसतो, डोसबरोबर वाढतो आणि 4 ग्रॅमला सर्वांत जास्त असतो. भाऊजींचं दुखणं कॅप्सूलमुळंच आलं असं त्यांचे डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. त्या वयात ते तसंही होतं. बाटली बघून डॉक्टर एवढंच म्हणाले, “हे मला आधी का नाही सांगितलं?” आणि कॅप्सूल बंद केल्या.

बरं, हृदय राखायला धडधाकट माणसानं कमी डोसात घेतल्या तर? अमेरिकेत 25,871 जणांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना पाचएक वर्षं रोज 1 ग्रॅमची खरी कॅप्सूल, निम्म्यांना खोटी. निकाल 2018 मध्ये आला. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यातून होणारे मृत्यू एकत्र धरले तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीत शुद्ध ईपीएच्या 4 ग्रॅमनं हृदयाचे धोके 25 टक्क्यांनी कमी दिसले. मात्र ते रुग्ण निवडक होते, आणि समोरच्या गटाला खोटी कॅप्सूल म्हणून दिलेल्या खनिज तेलानंच त्यांचं काही बिघडलं का, हा वाद मिटलेला नाही. 2020 मध्ये ईपीए-डीएचएच्या मिश्रणाची 4 ग्रॅमची चाचणी फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवली. जाहिरातीतल्या हृदयात यातलं काही नव्हतं.

दुकानातली एक गोष्ट सांगते. एक माळकरी आजी गुडघ्यांसाठी ‘ओमेगाच्या गोळ्या’ मागायला आल्या. कुणीतरी चिठ्ठीवर नाव लिहून दिलेलं. म्हटलं, आजी, हे माशाचं तेल आहे. त्यांनी बाटली काउंटरवर अशी सोडली की जणू चटका बसला. आधीची एक बाटली संपली होती हो त्यांची! त्या दिवसापासून मी मांसाहाराची खूण दाखवल्याशिवाय बाटली दिली नाही. नुसतं ‘ओमेगा’ म्हटलं की गिऱ्हाइकाला मासा दिसत नाही.

आजींना मी जवस सांगितला. आपल्याकडं मराठवाड्या-विदर्भात जवसाची चटणी पूर्वापार आहे, ती उत्तमच. त्यातही ओमेगा-3 असतं, पण निराळं. शरीर त्याचं ईपीए-डीएचए फारच थोडं करतं, म्हणून जवस म्हणजे शाकाहारी माशाचं तेल हा दावा लंगडा आहे. शाकाहारी माणसाला डीएचए हवंच असेल तर शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं. माशांना तरी ते तिथूनच मिळतं. जवसाच्या तेलाची बाटली घेतलीत तर ती फ्रिजमध्ये ठेवा. मुलं क्रिकेटच्या बॅटला चोळतात ते तेल जवसाचंच. हवा लागली की ते सुकून घट्ट होतं. स्वयंपाकघरातल्या तेलालाही तीच हवा लागते. रंगासारखा वास आला की टाकून द्यावं. आणि फोडणीला ते नकोच.

कॉड माशाच्या यकृताचं तेल आणखी वेगळं. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते जादा झालं तर गर्भाला अपाय करतं. दिवस राहिलेल्या मुलीला आईनं कौतुकानं द्यायची ती वस्तू नव्हे.

आमच्या बंदरावर मोसमात तारली आणि बांगडा टोपलीनं येतो. दोघांतही ही आम्लं भरपूर. अमेरिकेची हृदयरोग संघटनासुद्धा आठवड्यातून दोनदा मासे खा म्हणते. तरी मासळी बाजारातून पिशवी भरून निघालेली माणसं वाटेत माझ्याकडून कॅप्सूल घेऊन जायची, आणि मी द्यायची. त्या बाटल्या मी काउंटरलगत, डोळ्यांसमोरच्या फळीवर मांडायची, कारण गोळ्यांपेक्षा त्यांत जास्त सुटायचं. त्यामुळं जाहिरात छापूच नका असं कुठल्या तोंडानं सांगू? तळाचं ते वाक्य मात्र पुढच्या वेळी वरच्या मथळ्याच्या टायपात छापून घ्या.

आपली,
एक निवृत्त औषधविक्रेती, रत्नागिरी